रिकाम्या गादीवरचं पान

जेवणं उरकली, तोंडं पुसून झाली, की पाळणाघराच्या मोठ्या खोलीचे पडदे ओढले जायचे. पडदे निळे होते, धुऊन धुऊन विरलेले. त्यांनी उन्हाला अडवलं असं कधी झालं नाही. ऊन फक्त पायातलं बाहेर काढून, दबक्या पावलांनी आत यायचं. खोलीभर तळ्याच्या तळाशी असावा तसा उजेड पसरायचा. दोन ओळींत गाद्या अंथरलेल्या असायच्या आणि त्यांवर पोरं आडवी व्हायची. कुणी अंगठा तोंडात घालून, कुणी शेजारणीची वेणी मुठीत धरून, कुणी ‘मला मुळीच झोप आलेली नाही’ असं जाहीर करता करताच.

खालच्या मजल्यावर कपडे शिवायचा कारखाना होता. पोरांच्या आया तिथे यंत्रांवर बसायच्या. त्या यंत्रांची घरघर भिंतींतून वर चढायची, जमिनीतून गाद्यांत आणि गाद्यांतून पोरांच्या पाठीत उतरायची. आया खाली शिवत असायच्या आणि वर त्यांची लेकरं त्याच आवाजाच्या मांडीवर झोपायची. मध्येच वीज गेली आणि घरघर थांबली, की अख्खी खोली एकदम डोळे उघडायची.

या पोरांना झोपवायचं काम जिच्याकडे होतं तिला सगळे निजताई म्हणत. नाव पोरांनी पाडलं, आयांनी उचललं, आणि मग फाटकावरचा पहारेकरीसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. तिचा हातच तसा होता. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत ती एक बोट असं काही ओढायची, की पापण्या आपसूक मिटायच्या. तोंडाने हळूच गुणगुणायची:

मिट गं डोळे बाळे, सावली आली दारी
जागं राहायाची माझी, आज आहे बारी

“हिचा हात म्हणजे नुसती गुंगी आहे गुंगी,” स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काकू म्हणायच्या. “एकदा आमच्या घरी चल बाई. सासूबाईंना दुपारचं जरा थोपटून दे. तेवढाच माझ्या कानांना विसावा.”

निजताई हसायची. हसताना तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गोळा व्हायची.

कारण गंमत अशी, की सगळ्यांना झोपवणारी ही बाई स्वतः झोपत नव्हती. अगदीच नाही असं नाही. शरीर आहे, ते कुठे ना कुठे डाव साधतंच. भाजी निवडताना, नवऱ्याशी बोलताना तिची मान क्षणभर खाली यायची आणि काटा टोचल्यासारखी वर उठायची. पण गादीला पाठ टेकून, दिवा मालवून, ‘चला, निजते आता’ म्हणून ती निजली असं लहानपणापासून घडलं नव्हतं.

ती सात वर्षांची असताना तिची आई आजारी होती. पाण्याचा पेला हातात देऊन तिला आईच्या उशाशी बसवलेलं असायचं. एका दुपारी तिला जाग आली तेव्हा पेला लवंडलेला होता, फ्रॉक ओला होता, आणि मावशी दारात उभी राहून कुणाला तरी सांगत होती, “हिचा डोळा लागला, आणि ती गेली.”

एवढंच. कुणी तिला रागावलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. उलट ज्याने त्याने जवळ घेतलं, मावशीने तर पुढे पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पण ते वाक्य तिच्या आत उतरलं आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिलं. तिने ते कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटायचंच नाही. विस्तव हात भाजतो, पाणी उताराकडे जातं, आणि आपण झोपलो की कुणीतरी जातं. त्यात काय सांगायचं?

पाळणाघरातली पानं ही तिचीच कल्पना. कारखान्यात शर्टाची घडी घालताना आत एक पांढरा, पातळ, सळसळता कागद ठेवतात. त्याचे उरलेले तुकडे ती वर घेऊन यायची, लांबट पानासारखे कापायची, आणि प्रत्येक उशीच्या कडेला दोन टाके घालून असं एकेक पान उभं करायची, झोपलेल्या पोराच्या नाकासमोर येईल असं. पोरानं श्वास सोडला की पान पलीकडे झुकायचं, श्वास घेतला की परत यायचं. दाराजवळच्या खुर्चीवर बसून तिला सगळ्यांचे श्वास एका नजरेत दिसायचे. काकू म्हणायच्या, मन इतकं धास्तावलेलं बरं नव्हे. पण दुपारच्या त्या निळ्या उजेडात ती सगळी पानं आपापल्या लयीत हलताना पाहिली, की काकूसुद्धा हातातलं फडकं विसरून दारात उभ्या राहायच्या. वाटायचं, खोली नाही, झाड आहे, आणि ते झाड झोपेत आहे.

खिडकीकडच्या टोकाला एक गादी रिकामी होती. तिथे झोपणाऱ्या पोराच्या आईने काम सोडलं, ते कुटुंब दुसरीकडे गेलं. गादी गुंडाळून ठेवली तर ओळ दात पडल्यासारखी दिसते, म्हणून काकूंनीच ती पसरलेली राहू दिली. उशी तशीच, पान तसंच.

एका दुपारी ते पान हललं.

निजताईने आधी पंख्याकडे पाहिलं. मग उठून खिडकी पाहिली. कडी पक्की बसलेली होती. तिने पंखा बंद केला. इतर पानं हलत राहिली, कारण त्यांच्यामागे पोरं होती. खिडकीकडचं पानही हलत राहिलं. दारातून आलेल्या काकूंना तिने ते बोटाने दाखवलं.

“वारा गं,” काकू म्हणाल्या.

“कुठला वारा?”

“वाऱ्याला काय, फट पुरते. पंखा लाव आधी. पोरं घामाघूम झाली बघ.”

पंखा लागला. पान हलत होतं. आणि निजताईच्या लक्षात आलं, की ते वाऱ्यासारखं हलतच नाही. वारा धसमुसळा असतो. हे पान झुकायचं, परत यायचं, परत येऊन जरा थांबायचं. पोरांचे श्वास चिमण्यांसारखे, भराभर. हा संथ होता, मोठ्या माणसाचा, थकलेल्या माणसाचा. आणि दर काही श्वासांनंतर त्यात एक खाडा होता. श्वास जायचा आणि लवकर यायचाच नाही. मग यायचा.

तो खाडा तिला ओळखीचा होता. हातात पेला धरून तिने त्या खाड्यांची वाट पाहिलेली होती.

 तिने खुर्ची थोडी सरकवली, खिडकीच्या बाजूला.

त्यानंतर तिची उरलीसुरली झोपही उडाली. घरी असली तरी तिचं चित्त त्या पानापाशी. दुधात साखरेऐवजी मीठ पडू लागलं. एका पोराचे बूट दुसऱ्याच्या पायात जाऊ लागले. आणि मग एका सकाळी, एक तान्हं कडेवर घेऊन जिना चढताना तिला मध्येच डुलकी आली आणि पाय सुटला. तान्ह्याला तिने छातीशी असं कवटाळलं होतं, की त्याला ओरखडासुद्धा आला नाही. तिचा कोपर मात्र फुटला. व्यवस्थापकबाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाल्या, “डॉक्टरांकडे जा. झोप परत आण. नाहीतर मला तुला पोरांपाशी ठेवता येणार नाही, आणि तेव्हा मी ऐकायचीही नाही.”

काम जाईल या धास्तीनेही ती कदाचित गेली नसती. पण त्याच संध्याकाळी नवरा नखांतला रंग काढत मोरीपाशी उभा होता. घरं रंगवायचं काम करायचा तो. बोलायचा कमी, आणि बोललाच तर पाठमोरा.

“चिमीच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं होतं,” तो म्हणाला. “वर्गात पेंगते म्हणे. बाकावर डोकं टेकून.”

“का? रात्री तर लवकर आडवी होते.”

“आडवी होते. झोपत नाही. मी विचारलं, का गं? तर म्हणते, आई झोपली की झोपेन.”

चिमी त्यांची एकुलती एक लेक. तीही आता सात वर्षांची झाली होती.

जिन्यावरून पडताना निजताई जेवढी हादरली नव्हती, तेवढी त्या वाक्याने हादरली. आपल्या आतल्या बिऱ्हाडाला आता दुसरं घर हवंय, असं तिला वाटलं. दुसऱ्याच दिवशी तिने डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत टेबल भिंतीला लावलेलं होतं आणि दोन खुर्च्या समोरासमोर. बाई तिच्याच वयाच्या, केस आखूड कापलेल्या. त्यांनी घाई केली नाही. आणि काय झालं कोण जाणे, जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते वाक्य निजताईच्या तोंडून त्या खोलीत बाहेर पडलं. ऐकताना किती लहान वाटलं ते.

“लहान मुलाला कुणी कारण सांगत नाही,” बाई म्हणाल्या. “मग ते स्वतःच कारण शोधतं. आणि हाताशी सगळ्यात जवळ कोण असतं? ते स्वतः. माझ्यामुळे झालं. पुढे ते मूल मोठं होतं, त्याचं लग्न होतं, मुलं होतात, पण ते वाक्य काही मोठं होत नाही. ते सात वर्षांचंच राहतं, आणि त्याच वयाच्या भीतीनं घर चालवतं.”

“मला कळतंय हो,” निजताई म्हणाली. “डोक्याला कळतं. डोळ्यांना कळत नाही.”

बाई हसल्या. “मग डोळ्यांनाच दाखवू. दुपारी पोरं झोपलेली असताना, दुसरं कुणीतरी लक्ष ठेवायला बसवून, तुम्ही फक्त डोळे मिटायचे. झोपायचं नाही. थोडा वेळ मिटायचे आणि उघडून पाहायचं. कोण गेलं? कुणीच नाही. असं रोज करायचं.”

खिडकीकडच्या पानाबद्दल ती बोलली नाही. उठताना ओठावर आलं होतं. पण शहाण्या माणसासमोर आपण जरा शहाणं दिसावं असं कुणाला वाटत नाही?

काकूंना तिने खुर्चीवर बसवलं. “डोळ्यांत तेल घालून बघा हं.”

“तेल कशाला? माझे डोळे तसेच बटाट्याएवढे आहेत. तू मीट.”

तिने डोळे मिटले. खालची घरघर मोठी झाली.  पापण्यांच्या आत निळं पाणी होतं. कुठेतरी एक पोर झोपेत चुकचुकलं. ती धरून राहिली, काठ धरावा तशी. मग सोडलं. डोळे उघडले.

सगळी पानं हलत होती. झोपलेल्या सगळ्या छोट्या नाकांसमोर, भराभर, चिमण्यांसारखी.

“बघ!” काकू कुजबुजल्या. “आहेत ना सगळी? गेलं का कुणी?”

निजताईने खिडकीकडे पाहिलं.

ते पान थांबलं होतं. सरळ, ताठ, टाचणीसारखं.

तिने श्वास रोखला. नजर हलवली नाही. आणि मग बऱ्याच वेळाने, पाण्याखाली गेलेलं माणूस एकदम वर यावं तसं, ते पान हिसका बसून झुकलं. परत आलं. झुकलं. उशीवर, मधोमध, एक खळगा होता. काकूंनी सकाळी उशा झटकल्या होत्या, ते तिने स्वतः पाहिलं होतं.

“काकू, त्या गादीवर कुणी निजलं होतं का आज?”

“कोण निजणार? मी निजले असते, पण मला कोण सोडतंय?” काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. “पोरी, तू घरी जा बरं आज.”

ती घरी गेली नाही. तिथेच बसून राहिली, घंटा होऊन आया जिन्यावरून वर येईपर्यंत. डोळे चुरचुरत होते, पण तिने ते मिटले नाहीत. आता तिला कळून चुकलं होतं, की इतकी वर्षं आपण कुणासाठी जागतोय. एकदा गेलेली ती पुन्हा आली होती, आणि या खेपेला तरी पेला सांडू द्यायचा नव्हता.

पण घरी गेल्यावर चिमी दिसली. भिंतीला टेकून बसलेली, हनुवटी गुडघ्यांवर, डोळ्यांखाली बोटाने काजळ फिसकटावं तसं काळं. “तू झोपणार आहेस का आज, आई?” तिने विचारलं, जेवायचंय का असं विचारावं तितक्या सहज.

एका बाजूला ते पान, एका बाजूला ही. दोघींना धरून ठेवता येईल एवढे हात तिला नव्हते.

सुट्टीच्या दिवशी ती मावशीकडे गेली. मावशी आता थकली होती. खिडकीशी खुर्ची टाकून दिवसभर रस्ता बघायची. भाचीला पाहून तिचा चेहरा उजळला, मग काळजीने आक्रसला.

“काय गं ही दशा? नवरा उपाशी ठेवतो का तुला?”

“मावशी, एक विचारू? आई गेली तेव्हा तू म्हणाली होतीस, हिचा डोळा लागला आणि ती गेली.”

“मी? असं म्हणाले?”

“दारात उभी राहून.”

मावशीने आठवायचा प्रयत्न केला. खरंच प्रयत्न केला; कपाळावरच्या आठ्यांवरून कळत होतं. “नाही बाई आठवत. म्हणाले असेन. पण त्यात काय?”

त्यात काय! निजताईला हसू आलं, आणि त्या हसण्याला शेवट सापडेना. मावशीने तिचा हात धरून ठेवला.

“अगं, तू टक्क जागी असायचीस,” मावशी म्हणाली. “चार माणसांनी सांगितलं तरी उशापासून हलायची नाहीस. तुझ्या आईला बोलवत नव्हतं, तरी मला खूण करायची, हिला झोपव. पोरीच्या डोळ्यांदेखत जायचं नव्हतं तिला. तुझ्या झोपेची वाट बघत थांबली होती ती, किती हाल सोसले. शेवटी तुझा डोळा लागला, आणि मग ती गेली. शांत गेली. मला तेच सांगायचं असेल.”

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. निजताई मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून बसून राहिली. तिच्या आतल्या वाक्यातला एक शब्दही बदलला नव्हता. फक्त त्याची कूस बदलली होती.

म्हणजे ती अजून तशीच थांबली असेल तर? तिला वाटलं. मी झोपायची वाट बघत?

सोमवारी दुपारी पोरं झोपल्यावर तिने काकूंना खुर्चीवर बसवलं.

“आज नुसते डोळे मिटणार नाही. झोपणार आहे.”

“देव पावला म्हणायचं,” काकू म्हणाल्या. “कुठे निजतेस? माझ्या स्वयंपाकघरात सतरंजी घालून देऊ?”

“तिथे.” तिने खिडकीकडे बोट केलं.

चिमी शाळेतून आली होती. ती दुपारी इथेच यायची, कोपऱ्यात बसून चित्रं काढायची. ती उठून उभी राहिली. “मी बसू आईजवळ?”

“तू चित्रं काढ,” निजताई म्हणाली. “आज आई झोपतेय. बघ हं. आणि उठेन तेव्हा सगळं जसंच्या तसं असेल.”

ती ओळींमधून चालत गेली. पान हलत होतं. झुकत होतं, परत येत होतं, थांबत होतं.

ती गादीच्या कडेला बसली. मग कुशीवर आडवी झाली, भिंतीकडे पाठ करून, अगदी काठावर. का, ते तिला सांगता आलं नसतं. पलीकडे जागा सोडावीशी वाटली.

पान आता तिच्या नाकासमोर होतं. तिने श्वास रोखून पाहिलं.

ते हललं.

“मी झोपते हं,” ती पुटपुटली. “तू थांबू नकोस.”

घरघर जमिनीतून वर आली. गादीतून पाठीत उतरली. किती वर्षांनी कुणीतरी तिला मांडीवर घेत होतं.

पाठीमागे गादी किंचित दबली.

कपाळावर काहीतरी टेकलं. केसांच्या मुळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत, एक बोट ओढावं तसं. हे ती कुणाकडून शिकली होती ते तिला आत्ता आठवलं.

पापण्या आपसूक मिटल्या.

जाग आली तेव्हा उजेड पिवळा झाला होता. गाद्या गुंडाळलेल्या होत्या, पोरं घरी गेली होती, आणि खालची यंत्रं बंद होती. ते सगळं उठणं, रडणं, बूट शोधणं तिच्या अंगावरून गेलं होतं आणि तिला पत्ता नव्हता. तोंड उघडं राहून उशीवर लाळ सांडली होती.

“घोरत होतीस!” काकू कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. “खालच्या बायका विचारायला आल्या, वर नवीन यंत्र बसवलंय का. एक आई तर म्हणाली, माझं पोर आज हिच्या आवाजावर जास्त झोपलं.”

“सगळी नीट गेली?”

“सगळी. हात धरधरून पाठवली.”

तिने उशीकडे पाहिलं. तिचं डोकं उचललं गेल्यावर पान थांबलं होतं. ती बघत राहिली. ते थांबलेलंच राहिलं. तिला रडू आलं, पण ते रडू गोड होतं, उन्हात वाळलेल्या कपड्यांसारखं हलकं.

“आणि ही तुझी लेक,” काकू म्हणाल्या. “चित्रं काढ म्हटलं, बिस्किट देते म्हटलं, काही नाही. इथेच बसून होती, तुझ्या पायाशी. पापणी हलवली असेल तर शपथ.”

चिमी गादीच्या टोकाशी मांडी घालून बसलेली होती. “झालं का तुमचं?” तिने विचारलं.

“झालं गं राणी,” निजताई म्हणाली आणि तिला कुशीत ओढलं. “तू म्हणाली होतीस ना, आई झोपली की झोपेन? आता बघ.”

त्या रात्री निजताई झोपली. दुसऱ्या रात्रीही. नवरा आधी घाबरला. उठून तिच्या नाकाशी हात धरून बघायचा, मग स्वतःच हसायचा. तिच्या डोळ्यांखालचं काळं निवळू लागलं. दुधात साखर पडू लागली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, म्हणाल्या, “कष्ट तुमचे आहेत, मी नुसता रस्ता दाखवला.” आणि एक दिवस निजताईने कात्री घेतली, सगळ्या उशांचे टाके उसवले, आणि पानं गोळा करून पोरांना खेळायला दिली. पोरांनी फुंकरी मारून ती खोलीभर उडवली. खिडकीकडची गादी काकूंनी गुंडाळून माळ्यावर टाकली.

चिमी लवकर आडवी व्हायची. डोळे मिटून, अगदी स्तब्ध. “झोपते आता शहाण्यासारखी,” नवरा म्हणायचा.

अशाच एका रविवारी दुपारी जेवण आटोपून निजताई घरी आडवी झाली. नवरा बाहेर गेला होता. खिडकीतून शेजारच्या घरातलं भांड्यांचं आवरणं ऐकू येत होतं. हल्ली झोप तिला हाक मारली की यायची. ती आली.

जाग आली ती कशाने, कळलं नाही. घर गप्प होतं. पलंगाच्या उशाशी चिमी स्टूल घेऊन बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर. तिचा चेहरा इतका ओढलेला दिसला, की निजताईला क्षणभर ती कुणी मोठी बाईच वाटली. डोळे लाल होते आणि त्यांच्याखाली दोन गडद अर्धवर्तुळं, नुकती उमटल्यासारखी नव्हे, मुरलेली.

“चिमे? तू झोपली नाहीस?”

चिमीने ओठांवर बोट ठेवलं.

ती आईकडे बघत नव्हती. तिची नजर आईच्या पलीकडे होती, पलंगाच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागावर. तिथे चादर होती, आणि नवऱ्याची उशी.

“हळू बोल ना,” ती कुजबुजली. “किती वेळाने डोळा लागलाय.”

निजताईने मान वळवली नाही. हात तेवढा मागे नेला, चादरीवरून, हळूहळू. चादर ऊबदार होती.

“तू झोप, आई,” चिमी म्हणाली. आवाजात समजूत होती, थोपटणं होतं. “दोघींकडे मी बघते.”